चारमेळ

आमचं घर ठाण्याच्या खाडीकडे तोंड करून होतं आणि घरातली निम्मी कामं वाऱ्याच्या बेताने चालायची. सकाळी वारा जमिनीवरून खाडीकडे वाहायचा, तेव्हा आय चूल पेटवायची, म्हणजे धूर खाडीकडे निघून जाई. दुपारी वारा फिरला की मिठागरांवरचा खारट वास थेट माजघरात शिरायचा आणि दोरीवरच्या कपड्यांत बसायचा. शाळेतल्या मुली म्हणायच्या, "फिलोमिना, तुझ्या फ्रॉकला सुकटीचा वास येतो." मला तो कधी आला नाही. घरात सगळे मला फिलू म्हणत. आम्ही पाच जण होतो. बा, म्हणजे माझे वडील, सांतान, आय, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ पास्कू, मी, आणि आयचा सख्खा भाऊ इनास मामा. मामाची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि तेव्हापासून तो आमच्याकडेच होता. सुतारकाम करायचा. त्याच्या खोलीत भुसा इतका असायचा की आय तिथून झाडू घेऊन बाहेर आली की शिंकायला लागायची.

आय जेवणात हात राखायची नाही. तांदळाची भाकरी, कैरी घातलेलं सुक्या बोंबलाचं कालवण, रविवारी डुकराचं मटण, आणि सणाला गूळ घालून तळलेले गोल फुगे. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात बाटलीमसाला कुटायला जमायच्या. चार बायका, चार मुसळं, एकाच उखळात एकीमागून एक. त्या ठोक्यांवर त्या गायच्या, आणि त्यांचा ताल चुकला की मामा आपल्या खोलीतून ओरडायचा, "अगो, मिरच्या कुटताव का मुडदा?" मामाला बेताल काही सोसायचं नाही. बादलीत पाणी पडताना ते कुठल्या सुरात पडतं हे तो सांगायचा.

कारण मामा चारमेळाचा पुढारी होता. चारमेळ म्हणजे चार लाकडी वाद्यं आणि ती वाजवणारी चार माणसं, दोन्हींना तोच शब्द. ही वाद्यं सनईच्या जातीची, पण सनईहून लांब आणि जाड, तोंडाशी पितळ नसलेली. लाकूड काळंभोर झालेलं, तडे गेलेल्या जागी मेणाचा दोरा गुंडाळलेला. सगळ्यांत लहान तो धाकटा. मग दोन मधले, एकाच मापाचे. आणि चौथा थोरला. तो जमिनीवर टेकवला की माझ्या खांद्याला लागायचा, आणि त्यात फुंकायला पितळेची वाकडी नळी होती. फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, अमदानीत कुण्या पादरीने ती आमच्या देवळाला आणून दिली, गावातल्या पोरांना शिकवली, आणि मग फिरंगी गेले, पादरी गेला, वाद्यं राहिली. त्यांच्याबरोबर कातडी बांधणीचं एक पुस्तकही राहिलं होतं. त्यात ओळींवर चौकोनी ठिपके होते. ते वाचणारं गावात कोणी नव्हतं. बापाने मुलाला तोंडाने गाऊन दाखवायचं, मुलाने बोटांनी काढायचं, असं ते आमच्यापर्यंत आलं होतं. धाकटा मामाकडे, थोरला बाकडे, एक मधला देवळाची देखभाल करणाऱ्या दुमिंगकाकाकडे, ज्याला उजव्या कानाने ऐकू येत नसे, आणि दुसरा मधला त्याच्या भावाकडे.

दुमिंगकाकाचा भाऊ एका पावसाळ्यात वारला आणि मधल्याची जागा रिकामी झाली. ती पास्कूकडे यावी असं बाच्या मनात होतं. पास्कूच्या मनात नव्हतं. त्याला फुटबॉल आवडायचा आणि कल्याणला रेल्वेच्या लोको शेडमध्ये लागायचं होतं. "म्हाताऱ्यांच्यात बसून गाल फुगवू काय मी?" असं तो मला म्हणाला, बाला नाही. मीच त्याच्या मागे लागले. मला चारही जणांचे सूर पाठ होते. कोणी शिकवले नव्हते. मुलींना शिकवत नसत. जेवण वाढताना, भांडी घासताना ऐकून ते माझ्यात उतरले होते. ज्या रांगेत मला कधीच बसता येणार नव्हतं, तिथे माझा भाऊ तरी बसावा असं मला वाटत होतं. मी चुलीपाशी बसून त्याची ओळ गुणगुणायची आणि तो हातातल्या लाटण्यावर बोटं फिरवायचा. सहा महिन्यांत त्याने ती ओळ बसवली.  त्याला तिथे मी नेऊन बसवलं, ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही.

चारमेळ वर्षात मोजके दिवस वाजे, पण त्याचा खरा दिवस एकच, पास्काचा, म्हणजे ईस्टरचा रविवार. त्या पहाटे गावातून दोन मिरवणुका निघायच्या. पुरुष एका रस्त्याने उठलेल्या येशूचा पुतळा आणायचे, बायका दुसऱ्या रस्त्याने मरियेचा, तोंडावर काळं वस्त्र टाकलेला. देवळापुढच्या पटांगणात दोन्ही समोरासमोर आल्या की दुमिंगकाकाची बायको काठीने ते वस्त्र उचलायची, आणि त्याच क्षणी चारमेळ सुरू व्हायचा. त्याआधी उपासाचे चाळीस दिवस गावात वाद्य वाजत नसे. म्हणून तो पहिला सूर अंगावर यायचा. थोरल्याने खालून जमीन धरायची, दोन मधल्यांनी एकमेकांच्या मागे चालायचं, आणि धाकटा वर, अगदी वर. बायका रडायच्या. मीही रडायचे, आणि मला वाटतं लहान असूनही मी देवासाठी रडत नव्हते.

आता अडचण अशी की चाळीस दिवस वाद्य वाजवायचं नाही, आणि पास्काला तर चुकायचं नाही. त्यावर जुन्या लोकांनी तोड काढली होती. मिठागराच्या कडेला मीठ साठवायची कोठी होती. उपासाच्या दिवसांत, भर दुपारी, उन्हाने मिठागरावर उभं राहवत नाही तेव्हा, चौघं कोठीत जाऊन बसायचे, दार लावून घ्यायचे, खिडकीला गोणपाटं ठोकायचे आणि तालीम करायचे. आवाज बाहेर गेला नाही म्हणजे नेम मोडला नाही. आत मिठाचा ढीग, चार माणसं, एक कंदील आणि नुसता घाम. मध्ये पाण्याचा एक वाडगा असे. वाद्यांच्या तोंडाशी बसवायच्या ताडाच्या पाती त्यात भिजत घालायच्या, काढायच्या, ओठांत धरायच्या, परत टाकायच्या. मी दुपारी पेज आणि कळशी घेऊन जायची. दार उघडलं की आतली हवा तोंडावर यायची, ओली, जड.

त्या वर्षी नाताळनंतर मुंबईहून एक परदेशी फादर आमच्या पादरींना भेटायला आले. लांब पांढरी दाढी, कुठल्या तरी कॉलेजात शिकवायचे, आणि मराठी बोलायचे ते पुस्तकातलं. देवळात त्यांना ती वाद्यं दिसली आणि ते खाली बसलेच. थोरल्यावरून हात फिरवत राहिले. चौकोनी ठिपक्यांचं पुस्तक त्यांनी उघडलं आणि सरळ गायला लागले, आमचाच पास्का, आपल्या म्हाताऱ्या आवाजात. मामाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा अख्खा जन्म ज्या गोष्टीत गेला, ती कागदावर लिहिलेली होती आणि हा माणूस ती वाचत होता.

"आमच्या देशांत ही वाद्ये तीनशे वर्षांपूर्वी बंद पडली," फादर म्हणाले. "आता काही विद्वान लोक चित्रे पाहून पुन्हा बनवतात. आपण मात्र थांबलातच नाही. परंतु चौथ्या ओळीत आपण एक स्वर निराळा घेता."

मामा म्हणाला, "आमचा आजा तसाच वाजवत आलेला."

फादर हसले. "तर मग पुस्तकच चुकले असेल."

त्यांनीच चारमेळ हा शब्द फिरंग्यांच्या भाषेतला असल्याचं सांगितलं. आम्ही समजत होतो की चौघांचा मेळ म्हणून चारमेळ. जाताना ते म्हणाले, पास्काला मी आवाज टिपून घेण्याचं यंत्र घेऊन येईन, तुमचं वाजवणं त्यात राहील, परदेशात लोक ऐकतील. त्या दिवसापासून मामा वेगळाच झाला. पाती पन्नास वेळा तासायचा. जेवताना ताटावर बोटं चालायची. बाने एकदा म्हटलं, "इनास, पोट भर, मंग बोटं नाचव," तर त्याने ऐकलंही नाही. त्याच फेब्रुवारीत पास्कूचं रेल्वेचं काम झालं. कल्याणच्या डॉक्टरने त्याला पळवलं, तोललं, छातीला नळी लावली, फोटो काढला आणि छाती साफ असल्याचा शिक्का मारून दिला. आयने तो कागद देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी त्या कागदाशी फार भांडले आहे.

उपास सुरू होऊन आठवडा झाला असेल. मी पेज घेऊन कोठीकडे जात होते. मामा कोठीमागे मिठागराच्या बांधावर उकिडवा बसला होता, माझ्याकडे पाठ करून. खोकत होता. खोकला त्याला हिवाळाभर होता, भुशामुळे म्हणायचा. मी जवळ गेले तर त्याने हातातलं फडकं मुठीत दाबलं. पण त्याच्या पुढ्यात मिठाची पांढरी खार पसरली होती आणि तिच्यावर जे पडलं होतं ते मला दिसलं. पांढऱ्यावर लाल लपत नाही.

"मामा, हे काय?"

"काय नाय. दात हलतं."

"खोटं बोलू नको मना. कदीपासून?"

त्याने पायाने ती खार उकरली, उलटी केली, वर दुसरी ओढली. मग माझ्याकडे बघितलं. माझा मामा उंच, रुंद माणूस. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची गळ्याची हाडं दिसली.

"दोन महिनं झालं," तो म्हणाला. "फिलू, आयकून घे. मना ठावं हाय हे काय हाय. माझा बाप यानंच गेला. डाक्टरकडं गेलो तर तो पयलं धाकटा काढून घेल माझ्या हातातून. आनि धाकट्याबिगर चारमेळ कसा व्हनार? तो फादर यंत्र घेऊन येतंय. येकदा, पोरी. येकदा ते त्यात राहूदे. पास्का झाला की मी सोता जातंव दवाखान्यात, तुझ्या गळ्याची आन. तवर कोनाला बोलू नको. आयला तर नायच."

मी सोळा वर्षांची होते, मॅट्रिकला. शरीरशास्त्राच्या पुस्तकात क्षयावर एक धडा होता, तो मी परीक्षेसाठी पाठ केला होता. बंद खोली, कोंदट हवा, एकमेकांची भांडी, थुंकी. मला अज्ञानाचा आधार घेता येत नाही. मी त्या बांधावर उभी राहिले, हातात पेजेचं भांडं, आणि म्हणाले, "बरं." का म्हणाले? मामाची दया आली, हे खरं. पण सगळं खरं नाही. मलाही तो पास्का हवा होता. परदेशात लोक ऐकतील तेव्हा त्यात माझ्या भावाचा मधला असेल आणि त्या मधल्यात मी असेन, असं मला वाटत होतं.

पुढचे तीस-बत्तीस दिवस मी ते पोटात घेऊन फिरले. मामाची ताटवाटी मी वेगळी घासायला लागले, उकळत्या पाण्याने, आयला म्हटलं चिकट होतात. त्याचा तांब्या वेगळा ठेवला. जेवढं चोरून करता येत होतं तेवढं केलं. पण कोठीत माझं काही चालत नव्हतं. पास्कू पाळी करून कल्याणहून यायचा, अंगाला कोळशाचा वास, आणि तसाच कोठीत जाऊन बसायचा. जो मुलगा आधी यायला तयार नव्हता तोच आता सगळ्यांत आधी हजर व्हायचा. त्याला ते आवडायला लागलं होतं. पास्काच्या आठवडाभर आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मी दार उघडलं तर त्याची पात फुटली होती आणि मामा आपल्या ओठांतली पात काढून त्याला देत होता. "ही घे, ही मऊ झालेली हाय." मामाने ते सवयीने केलं, देताना त्याच्या मनात काही आलं नसावं. मी दारात उभी. माझं तोंड उघडलं होतं. पास्कूने पात वाडग्यात बुचकळली, ओठांत धरली.

"काय गो?" बाने विचारलं.

"काय नाय. पेज आनली."

आणि मी दार लावून घेतलं, कारण बाहेर आवाज जायला नको होता.

पास्का झाला. तो कसा झाला हे मी सांगू शकत नाही, एवढंच सांगते की त्याआधी आणि त्यानंतर मी तसं काही ऐकलं नाही. काळं वस्त्र उचललं गेलं आणि मामाचा धाकटा निघाला तो थेट वर, कुठे न चाचरता. त्याच्या छातीत तेवढा श्वास कुठून आला देव जाणे. मिरवणूक संपल्यावर दाढीवाल्या फादरनी चौघांना देवळात नेलं. पादरींच्या घरातून विजेची तार ओढून आणली होती. सुटकेसएवढं यंत्र, त्यावर दोन चाकं फिरत होती. चौघांनी सगळं पुन्हा वाजवलं. वाजवून झाल्यावर मामा बाकावर बसला तो बराच वेळ उठला नाही. फादरच्या डोळ्यांत पाणी होतं. दुमिंगकाकाने मोठ्याने विचारलं, "यंत्रात गेला काय सगळा?" आणि आम्ही सगळे हसलो. पास्कू सगळ्यांत जास्त. घरी आयने फुग्यांचा डोंगर केला होता.

मामाने शब्द पाळला. चौथ्या दिवशी तो एकटाच दवाखान्यात गेला आणि घरी येऊन आयला सांगितलं, "मना टीबी हाय." आय भिंतीला धरून खाली बसली. मग उठली आणि कामाला लागली. तेव्हा नवी इंजेक्शनं आली होती. फादरनी चिठ्ठी दिली, मामाला कर्जतच्या बाजूला एका आरोग्यधामात जागा मिळाली. त्याला आजार कधीपासून होता हे कोणी विचारलं नाही. आमच्या सगळ्यांची तपासणी करायला सांगितलं होतं. आम्ही तिघं जाऊन आलो. पास्कू गेला नाही. त्याला नोकरी लागून तीन महिनेही झाले नव्हते. काही निघालं तर घरी बसवतील अशी धास्ती. "माझी छाती साफ हाय, शिक्का हाय," म्हणायचा आणि फोटोमागचा कागद दाखवायचा. गणपतीच्या सुमाराला त्याचा घाम थांबेना. तरी शेडमध्ये जात राहिला. खोकला आला की नळाखाली जाऊन पाणी सोडायचा, म्हणजे ऐकू जाऊ नये. एक दिवस शेडमध्येच कोसळला, त्याच्याबरोबरच्या दोघांनी त्याला घरी आणलं. तोवर त्याची दोन्ही फुप्फुसं गेली होती. डॉक्टर म्हणाले, तरुणपणी हा आजार कधी कधी असाच पळत येतो.

त्याचं जाणं मी लिहिणार होते. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. तो नाताळच्या आठ दिवस आधी गेला, सकाळी, आय त्याला मोसंब्याचा रस पाजत असताना. एकोणीस पुरा नव्हता. शेवटच्या आठवड्यात त्याला बोलवत नसे, पण मी पलंगाशी बसले की तो पांघरुणावर बोटं हलवायचा, आणि मला कळायचं तो कुठे आलाय. मी ते सूर म्हणावेत अशी त्याची इच्छा असायची. मी म्हटले नाहीत.  एवढं साधं काम होतं, तेही मी केलं नाही.

मामा बरा झाला.  तो फेब्रुवारीत परत आला, दहा शेर वजन वाढलेला, गालांवर तुकतुकी. वेशीवरून आत आला तेव्हा आय धावली आणि त्याच्या गळ्यात पडून रडली. आयच्या खांद्यावरून त्याने माझ्याकडे बघितलं. त्यानंतर तो बावीस वर्षं आमच्या घरात जगला. बावीस वर्षं मी त्याला वाढलं, पुढे मास्तरीण होऊन डोंबिवलीत राहायला आले तरी दर रविवारी जाऊन वाढलं, आणि आम्ही दोघं त्या बांधाबद्दल एक अक्षर बोललो नाही. त्याने धाकट्याला हात लावला नाही. सुतारकाम करायचा, पण शीळसुद्धा घालायचा नाही. बादलीत पाणी पडू लागलं की उठून बाहेर जायचा.

वर्षाने दाढीवाले फादर यंत्र घेऊन आले. त्यांना वाटलं होतं आयला मुलाचं वाजवणं ऐकून बरं वाटेल. पादरींच्या घरात आम्हाला बसवलं. चाकं फिरू लागली. आधी नुसती खरखर, बाक सरकल्याचा आवाज, दुमिंगकाका काही तरी पुटपुटतो. मग खोकला. खोल, ओला, दोनदा. मग शांतता, आणि मग चारमेळ. मी मामाकडे बघितलं नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता. आय पुढे वाकून यंत्राला हात लावत होती. "यातला माझा पोर कुठला? कुठला आवाज त्याचा?" फादरना सांगता येईना. मी उठून तिच्या कानाशी बसले आणि मधल्याचा सूर जिथे जिथे आला तिथे तिथे तिच्या हातावर बोट ठेवत गेले. संपल्यावर ती म्हणाली, "परत लाव." बा उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी त्याने चारही वाद्यं गोणपाटात बांधली आणि पादरींना विचारून फादरच्या स्वाधीन केली. कुठल्या तरी थंड देशातल्या काचेच्या कपाटात ती असतील. दुमिंगकाका भांडायला आला होता. बा त्याच्या चांगल्या कानाशी म्हणाला, "माझ्या घरात आता कोनी फुंकनार नाय."

मी पापनिवेदनाला गेले, एकदा नाही, अनेकदा. पादरी माफ करायचे. माझा एक मानलेला भाचा डॉक्टर आहे, दुमिंगकाकाच्या नात्यातला; त्याला मी एकदा दुसऱ्या कुणाची म्हणून ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मावशी, तो आजार कुठूनही येतो. शेडमधून, गाडीतून, त्याच घरात राहिल्यानं. त्या मुलीनं सांगितलं असतं तरी कदाचित आलाच असता." कदाचित. या शब्दावर मी पुष्कळ विचार केला. त्याच्यावर झोप लागत नाही.

आय शेवटपर्यंत शोधत राहिली. तिने कधी मामाला बोल लावला नाही, कारण तिच्या हिशेबाने मामाचा आजार पास्कानंतर कळला आणि लगेच त्याला घरातून हलवलं. ती रेल्वेच्या शेडला दोष द्यायची, कोळशाला द्यायची, दमट भिंतींना द्यायची. तांदूळ निवडताना अचानक विचारायची, "फिलू, कुठून आलं गो आपल्या घरात?" मी म्हणायची, "ठावं नाय, आय."

मामा गेल्यानंतर तीनेक वर्षांनी बा अंथरुणाला लागला. पोटाचा आजार होता, बरा होणारा नव्हता आणि त्याला ते माहीत होतं. मी शाळेतून रजा काढून गेले होते. एका दुपारी मी त्याचे पाय चेपत होते, आय मागच्या दारी होती. बा छताकडे बघत म्हणाला, "इनासचं रगत मी पायलेलं."

मी मागच्या दाराकडे बघितलं.

"कदी?"

"उपासाच्या आदी. त्याच्या खोलीत. फडकं धुत होता. मी बोललो नाय. म्हटलं पास्का होऊ दे. तो फादर येनार व्हता ना."  त्याला दम लागत होता. "पास्कूला मी बाजूला बसवायला पायजे व्हता. त्याला सांगायला पायजे व्हतं, नको येऊ कोठीत. पन मंग मधला कोन वाजवनार? मी थोरला धरून बसलो, फिलू. पोर माझ्या शेजारी बसलेला. मी थोरला धरून बसलो."

पंचवीस वर्षं मी समजत होते की मी एकटी आहे. तो समजत होता की तो एकटा आहे. आणि मामा आम्हा दोघांच्या मधे बसून जेवत होता. मी तेव्हा म्हणायला हवं होतं की बा, मीही होते, मलाही माहीत होतं, अर्धं मला दे. त्याला मरताना तेवढी सोबत मिळाली असती. शब्द माझ्या तोंडाशी आले होते. पण मला वाटलं, मी हे बोलले तर बाला कळेल की दोघांपैकी कुणीही एकाने तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं, आणि ते कळून त्याने मरू नये. की मला त्याच्या नजरेतून उतरायचं नव्हतं? मला खरंच सांगता येत नाही. मी त्याचे पाय चेपत राहिले.

आय पदराला हात पुसत आत आली. आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघून दारातच थबकली.

"काय बोलताव दोगं?"

बाने डोळे मिटून घेतले.

"काय नाय, आय," मी म्हणाले. "त्याला पानी पायजे."

ती पाणी आणायला गेली.